रात्रीच्या रांगेत लहान ट्यूबचे एनएमआर स्पेक्ट्रा पुन्हा पुन्हा बिघडतात तेव्हा

संध्याकाळी एनएमआर यंत्रावर (चुंबकीय क्षेत्रात सॅम्पलच्या अणुकेंद्रकांचे सिग्नल टिपून रेणूची रचना ओळखायचं यंत्र) ९६ ट्यूबचा रॅक लावला. रोबोटने पहिली दोन-तीन सॅम्पल नीट घेतली, लॉक (द्रावकातल्या ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, सिग्नलला धरून चुंबकीय क्षेत्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) स्थिर दिसला, म्हणून निर्धास्तपणे घरी गेलो. सकाळी पाहिलं तर काही स्पेक्ट्रा सुरेख, काहींत प्रत्येक सिग्नलच्या पायथ्याशी फुगवटा, काहींत एका रेषेच्या दोन झालेल्या, आणि लॉगमध्ये मधूनमधून ‘लॉक मिळाला नाही’. त्यातली एखादी बिघडलेली ट्यूब दिवसा हाताने लावली की बऱ्याचदा ठीक निघते. मग ‘रात्री काहीतरी झालं असेल’ म्हणून रांग पुन्हा लावायची आणि चार दिवसांनी पुन्हा तेच बघायचं.

५ मिमी ट्यूबवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं ऑटोमेशन ३ मिमी किंवा १.७ मिमी ट्यूबवर नेलं की हा त्रास हमखास सुरू होतो. आम्ही पहिले काही महिने सगळा दोष ऑटोशिमला दिला. (शिम म्हणजे सॅम्पलभोवतीचं क्षेत्र एकसारखं करणारे छोटे प्रवाह; ते यंत्राने आपोआप जुळवणं म्हणजे ऑटोशिम.) शिमिंगचे पर्याय बदलले, वेळ वाढवली, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली. फरक पडला नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा ट्यूब चुंबकात उतरण्याआधीच झालेला होता. शिमिंगच्या पायरीला तो फक्त उघडा पडत होता. हे कळायला लागलेला वेळ तुमचा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यंत्राला हात लावण्याआधी लॉग वाचा

बिघडलेल्या सॅम्पलची यादी एका तक्त्यात काढा. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: रांगेतला क्रमांक, रॅकमधली जागा, द्रावक, आणि ट्यूब कधी व कशाने भरली. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण याने निम्मं निदान होतं.

बिघाड सलग एकामागोमाग असतील तर एका वाईट सॅम्पलने शिम बिघडवून पुढच्यांच्या माथी मारलेला असतो. रॅकच्या एकाच ओळीत किंवा स्तंभात असतील तर ट्यूब भरणाऱ्या यंत्राची एखादी सुई किंवा तिची नळी तपासायची. रांगेच्या शेवटाकडे प्रमाण वाढत जात असेल तर द्रावक उडतो आहे. सगळे एकाच द्रावकातले असतील तर लॉककडे किंवा तापमानाकडे बघायचं. आणि कुठलाच क्रम दिसत नसेल, बिघाड विखुरलेले असतील, तर बुडबुडे, गाळ आणि ट्यूबची खोली (ती धारकातून किती खाली उतरते) हे तीन संशयित.

एकाच रात्री दोन कारणं एकत्र असू शकतात. आमच्याकडे तशी होती, आणि म्हणून एक दुरुस्त केलं तरी ‘अजून बिघडतंयच’ असं वाटून आम्ही ती योग्य दुरुस्तीसुद्धा मागे घेतली होती. एका वेळी एकच बदल करा आणि तो बदल किमान दोन रात्री तसाच राहू द्या.

तीन मायक्रोलिटरचा हिशोब

सगळ्या लेखात हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

५ मिमी ट्यूबचा आतला व्यास साधारण ४.२ मिमी असतो. ५५० मायक्रोलिटर भरले की द्रवाची उंची जवळजवळ ४० मिमी होते. भरताना ३ मायक्रोलिटरची चूक झाली तर उंचीत फरक पडतो सुमारे ०.२ मिमी, म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका. १.७ मिमी ट्यूबचा आतला व्यास साधारण १.३ मिमी. तीत ३५ मायक्रोलिटर भरले तर उंची होते २६ मिमीच्या आसपास. तीच ३ मायक्रोलिटरची चूक इथे सव्वादोन मिमी होते. ३ मिमी ट्यूब दोघींच्या मधली: १६० मायक्रोलिटरला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उंची आणि त्याच चुकीला पाऊण मिमीपेक्षा थोडा कमी फरक.

सिग्नल टिपणाऱ्या कॉइलच्या वर आणि खाली द्रव पुरेसा पुरून उरला पाहिजे, हे आपल्याला माहीत असतं. कारण द्रव संपतो आणि हवा किंवा काच सुरू होते तिथे चुंबकीय ग्राह्यता (पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते) एकदम बदलते आणि आसपासचं क्षेत्र वाकतं. ती सीमा कॉइलपासून दूर असेल तर शिम तिला सांभाळून घेतात. ती दोन-तीन मिमी जवळ आली की वरच्या क्रमाचे शिम ताणले जातात, आणि साठवलेल्या शिम-फाइलपासून सुरुवात केलेलं ऑटोशिम ते अंतर काही सेकंदांत कापू शकत नाही. म्हणजे पिपेटिंग यंत्राच्या माहितीपत्रकात ‘उत्तम’ ठरणारी अचूकता इथे पुरत नाही.

म्हणून पहिली खरी तपासणी वजनकाट्यावर होते. दहा रिकाम्या ट्यूब टोपणासकट तोलायच्या, यंत्राने भरायच्या, पुन्हा तोलायच्या. डीएमएसओ-डी६ची (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या डीएमएसओ या द्रावकाची) घनता साधारण १.१९, म्हणून ३५ मायक्रोलिटरचं वजन ४१.७ मिग्रॅ यायला हवं. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्मची घनता १.५०, तिथे ५२.५ मिग्रॅ. ०.१ मिग्रॅ दाखवणारा काटा यासाठी पुरेसा आहे. सरासरी बरोबर येऊन फैलाव मोठा असेल तर समजा की आकडा बदलून काही होणार नाही, द्रव उचलण्याची पद्धत बदलायला हवी.

आमचा फैलाव मोठा होता. पाण्यासाठी ठरवलेल्या वेगाने आम्ही डीएमएसओ उचलत होतो. २५ अंशांना डीएमएसओ वाहायला पाण्याच्या दुपटीहून जास्त दाट असतो. सुई वर येते तोवर तो नळीत पूर्ण चढलेलाच नसतो आणि मागोमाग हवा शिरते. वेग निम्म्याहून कमी केला, उचलल्यावर सुई द्रवातच एक-दोन सेकंद थांबवली, आणि फैलाव आवाक्यात आला. क्लोरोफॉर्मची अडचण वेगळी: तो सुईच्या टोकातून आपोआप ठिबकतो, कारण नळीतल्या हवेच्या फटीत त्याची वाफ भरते आणि द्रवाला बाहेर ढकलते. आधी एकदा तोच द्रावक उचलून परत सोडून सुई आतून ओली करून घेतली की ठिबकणं बरंच कमी होतं.

आता बुडबुडे. १.७ मिमी ट्यूबमध्ये सुईभोवती हवेला बाहेर पडायला जेमतेम वाट असते. सुई वरूनच द्रव सोडत असेल तर तो भिंतीला चिकटून राहतो आणि खाली हवा कोंडते. सुई तळापर्यंत न्या, तिथून सोडायला सुरुवात करा, आणि पातळी चढेल तशी सुई वर घ्या. इतकं करूनही भरलेला रॅक हलक्या वेगाने मिनिटभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्याशिवाय रांगेत लावू नका. बुडबुडे वर येतात आणि तरंगणारा गाळ खाली बसतो, एका कामात दोन. पातळ काचेच्या ट्यूब असतात, म्हणून योग्य मापाचे धारक हवेतच. आम्ही ही पायरी ‘वेळ नाही’ म्हणून दोनदा वगळली आणि दोन्ही वेळा रात्र वाया गेली.

एक रिकामी ट्यूब, सात वाया गेलेली सॅम्पल

एका सकाळी लॉगमध्ये सलग आठ सॅम्पल वाईट दिसली, नववं आपोआप ठीक झालं होतं. आठांपैकी पहिली ट्यूब उजेडात धरली तर तीत जेमतेम थेंबभर द्रव होता. बाकी सातही बरोबर भरलेल्या.

झालं असं की आमच्या ऑटोमेशनमध्ये प्रत्येक सॅम्पलचं शिमिंग आधीच्या सॅम्पलच्या शिमवरून सुरू होत होतं. ५ मिमीच्या दिवसांत ही सोय चांगली वाटायची, कारण सगळी सॅम्पल एकसारखी असत आणि वेळ वाचे. पण ग्रेडियंट शिमिंगला जवळजवळ रिकामी ट्यूब दिली की त्याला क्षेत्राचा जो नकाशा मिळतो तो निव्वळ गोंगाटाचा असतो. त्यावरून काढलेले शिम कुठल्या कुठे जातात. पुढचं निर्दोष सॅम्पल त्या भरकटलेल्या जागेपासून सुरुवात करतं, थोडं सुधारतं, वेळ संपते. त्याच्या पुढचं आणखी थोडं सुधारतं. आणि दिवसा तीच ट्यूब ठीक का निघते याचंही उत्तर इथेच आहे: दिवसा आपण सवयीने आधी चांगली शिम-फाइल वाचून घेतो.

उपाय सोपा आहे आणि आजच करता येतो. प्रत्येक सॅम्पलच्या आधी स्क्रिप्टने साठवलेली शिम-फाइल वाचलीच पाहिजे, आणि ती फाइल त्या प्रोबसाठी (चुंबकातला कॉइल असलेला भाग), त्या व्यासाच्या ट्यूबसाठी, त्या द्रावकासाठी वेगळी हवी. ३ मिमीची फाइल १.७ मिमीला चालवून घेऊ नका. शिवाय शिमिंगनंतरचे आकडे मूळ फाइलपासून ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर ते टाकून द्यायचे, सॅम्पल बाहेर काढायचं आणि पुढे जायचं. मर्यादा किती, हे चांगल्या वीस-तीस सॅम्पलच्या नोंदी पाहून ठरवा. दुसऱ्या प्रयोगशाळेचे आकडे उसने घेऊन उपयोग नाही, प्रत्येक चुंबक आणि प्रोबचा स्वभाव वेगळा असतो.

द्रावकाच्या रेषेकडे आधी बघा

बिघडलेला स्पेक्ट्रम समोर आला की आपली नजर आपल्या संयुगाच्या सिग्नलवर जाते. आधी टीएमएस (संदर्भासाठी घातलेलं संयुग) किंवा द्रावकाच्या उरलेल्या प्रोटॉनच्या सिग्नलकडे पाहा. तो धारदार असून संयुगाचेच सिग्नल रुंद असतील तर शिमला दोष देऊ नका. रेणू एकमेकांना चिकटत असतील, प्रोटॉनची अदलाबदल चालू असेल, किंवा अभिक्रियेतून उरलेला लोह-तांब्यासारखा अनुचुंबकीय धातू सोबत आला असेल. अशा सॅम्पलला दहादा शिम केलं तरी ते बदलणार नाही. द्रावकाची रेषाही रुंद असेल तर मात्र दोष क्षेत्राचा, म्हणजे शिम, उंची, बुडबुडा किंवा गाळ.

डीएमएसओ-डी६मध्ये एक फुकटची कसोटी मिळते. त्याचा २.५० पीपीएमवरचा (पीपीएम हे स्पेक्ट्रमच्या आडव्या अक्षाचं एकक) सिग्नल ड्युटेरियममुळे पाच रेषांत फुटतो आणि दोन रेषांमधलं अंतर असतं जेमतेम १.९ हर्ट्‌झ. त्या पाच रेषा स्वच्छ वेगळ्या दिसल्या तर शिम उत्तम आहे. त्यांचा एकच डोंगर झाला असेल तर नाही. मिथेनॉल-डी४मध्ये ३.३१ पीपीएमवर हेच दिसतं. क्लोरोफॉर्मची ७.२६ची रेषा एकटीच असते, तिथे अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजायची.

आकारही बोलका असतो. रेषा दोन्ही बाजूंना सारखीच रुंदावली असेल तर झेड किंवा झेड-३ यांसारख्या विषम क्रमाच्या शिमकडे (झेड म्हणजे ट्यूबची उभी दिशा) संशय जातो. एकाच बाजूला शेपूट असेल तर झेड-२ किंवा झेड-४. लहान ट्यूबमध्ये उंची चुकली की हे वरचे क्रम मिसळून येतात, त्यामुळे यावरून हाताने शिम करत बसण्यात मी वेळ घालवत नाही. ट्यूब काढतो आणि पट्टीने उंची मोजतो.

लॉक मिळत नाही, किंवा चुकीच्या जागी मिळतो

मिथेनॉल-डी४ इथे सर्वाधिक फसवतो. त्यात ड्युटेरियमचे दोन सिग्नल असतात, एक मिथिलचा आणि एक हायड्रॉक्सिलचा. ऑटोमेशनने क्षेत्र सरकवत शोध घेतला आणि दुसरा आधी सापडला की लॉक व्यवस्थित लागतो, शिमही होतं, कुठलीही चूक लॉगमध्ये येत नाही, पण अख्खा स्पेक्ट्रम दीड पीपीएमने सरकलेला असतो. सकाळी पाहणाऱ्याला संयुगच वेगळं वाटतं. म्हणून मोजमापानंतर द्रावकाची रेषा अपेक्षित जागी आहे का हे स्क्रिप्टनेच पडताळायला हवं.

चुकीच्या लॉकचं दुसरं मूळ म्हणजे तक्त्यात हाताने लिहिलेला द्रावक. एका ओळीने खाली सरकलेला स्तंभ आम्हाला एकदा पूर्ण रॅकभर भोवला. तेव्हापासून द्रावकाचं नाव ट्यूब भरणाऱ्या यंत्राच्या फाइलमधूनच रांगेत येतं, मधे कुणीही टाइप करत नाही.

आणि आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त दिवस झुलवलं ते. फक्त डीएमएसओची सॅम्पल, फक्त रात्री, आणि त्यातलीही काहीच लॉक घेत नव्हती. सकाळी तीच ट्यूब लावली की तत्काळ लॉक. डीएमएसओ १८-१९ अंशांच्या आसपास गोठतो. रात्री खोलीत माणसं नसल्यामुळे वातानुकूलन खोली जास्त थंड करत होतं आणि रॅकमधली काही सॅम्पल गोठत होती. सगळी का नाही? कारण द्रव गोठणबिंदूच्या खाली बराच वेळ द्रवरूपातच राहू शकतो, आणि पाणी शिरलेल्या डीएमएसओचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. घनरूप डीएमएसओचा ड्युटेरियम सिग्नल इतका रुंद होतो की लॉकला तो दिसतच नाही. पहाटे कुणीतरी येईपर्यंत सगळं पुन्हा वितळलेलं. रॅकशेजारी तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेवल्यावर एका रात्रीत उलगडा झाला. सॅम्पल टिकावीत म्हणून रॅक मुद्दाम थंड ठेवत असाल तर डीएमएसओचा रॅक त्यातून वेगळा काढा.

पाणी, बाष्प आणि तापमान

डीएमएसओ हवेतली ओल भराभर ओढतो. वेल-प्लेट (सॅम्पल ठेवायची खळग्यांची थाळी) झाकण न लावता दोन तास राहिली तर ३.३३ पीपीएमचा पाण्याचा सिग्नल वाढलेला दिसतो. लहान सॅम्पलमध्ये संयुगच थोडं असल्यामुळे तो इतरांना झाकून टाकतो. २.५०च्या सिग्नलशी त्याचं गुणोत्तर प्रत्येक सॅम्पलला नोंदवा. ते वाढत जाताना दिसलं तर प्लेट किती वेळ उघडी राहते ते मोजा.

क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो आणि सैल टोपणातून रात्रभरात सहज निघून जातो. १.७ मिमी ट्यूबमधून ५ मायक्रोलिटर गेले की जवळजवळ चार मिमी उंची गेली. म्हणून क्लोरोफॉर्मची सॅम्पल रांगेच्या सुरुवातीला आणि डीएमएसओची शेवटी लावा. याला एक पैसाही लागत नाही.

डी२ओमध्ये, म्हणजे जड पाण्यात, लॉकच तापमानाबरोबर सरकतो. पाण्याचा सिग्नल दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम हलतो आणि ड्युटेरियमचाही तसाच. लॉक त्याला धरून ठेवतो, त्यामुळे बाकीचे सगळे सिग्नल हलल्यासारखे दिसतात. ५०० मेगाहर्ट्‌झवर एका अंशाला हा फरक ५ हर्ट्‌झ होतो. थंड रॅकमधून आलेलं सॅम्पल लगेच मोजायला घेतलं तर मोजणी चालू असतानाच ते गरम होत राहतं आणि रेषा पसरतात. ट्यूब उतरल्यावर थांबण्याची वेळ वाढवून पाहा. बारीक ट्यूब लवकर गरम होते, पण शून्य सेकंदांत नाही.

स्क्रिप्टमध्ये आम्ही काय घातलं

क्रम असा: ट्यूब आत, थांबा, शिम-फाइल वाचा, लॉक, ट्यूनिंग, शिम, आणि मग एकाच स्कॅनचा झटपट प्रोटॉन स्पेक्ट्रम. या स्पेक्ट्रममध्ये द्रावकाची रेषा योग्य जागी आहे का आणि पुरेशी अरुंद आहे का हे तपासलं जातं. नसेल तर एकदाच पुन्हा शिम. तरीही नसेल तर कारण लिहून ट्यूब बाहेर. हा स्कॅन काही सेकंदांचा असतो. त्याच्याशिवाय चार तासांचा एचएसक्यूसी (कुठला हायड्रोजन कुठल्या कार्बनला जोडलेला आहे ते दाखवणारा प्रयोग) वाईट शिमवर चालू राहतो, आणि सॅम्पल मायक्रोग्रॅममध्ये असताना ते चार तास परत मिळणं अवघड असतं, कारण तोवर संयुगच बिघडलेलं असू शकतं.

दर दहा सॅम्पलनंतर बंद केलेल्या ट्यूबमधलं एक ठरलेलं तपासणी-सॅम्पल लागतं, त्याच व्यासाचं. ते चांगलं आणि शेजारचं वाईट तर दोष सॅम्पलमध्ये. ते स्वतःच वाईट तर दोष यंत्रणेत. रात्रभरच्या गोंधळातून वाट काढायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. आणि सलग तीन सॅम्पल नापास झाली तर रांग थांबते. उरलेली ट्यूब सकाळपर्यंत रॅकमध्ये राहिली तर नुकसान कमी, वाईट स्पेक्ट्राने डिस्क भरली तर जास्त.

ट्यूबच्या खोलीबद्दल एक गोष्ट राहिली. धारकातली रबरी कडी झिजली की हवेच्या झोताने वरखाली होताना ट्यूब थोडी थोडी सरकते. ट्यूबवर न पुसणाऱ्या शाईची बारीक खूण करा आणि रांग संपल्यावर ती हलली आहे का बघा. हलली असेल तर कडी बदला, कारण सरकत सरकत ट्यूब प्रोबच्या तळाला टेकून फुटली तर दुरुस्ती रॅकभर सॅम्पलपेक्षा महाग पडते. खोली मोजायला तुमच्या प्रोबसोबत आलेलाच गेज वापरा. दुसऱ्या व्यासाचा गेज जवळपास बसतो, पण ‘जवळपास’ इथे चालत नाही.

एवढं करूनही तपासणी-सॅम्पलच वाईट येत राहिलं तर ते हाताने लावून पाहा, आणि मग चांगली शिम-फाइल वाचून पुन्हा. दोन्ही वेळा वाईट आलं तर प्रोब किंवा शिमच्या विद्युत पुरवठ्याची शंका घेऊन सेवा-अभियंत्याला बोलवायची वेळ आली आहे. त्यांना पाठवताना तपासणी-सॅम्पलचा जुना चांगला आणि आत्ताचा वाईट स्पेक्ट्रम, दोन्हींचे शिमचे आकडे, खोलीच्या तापमानाची नोंद आणि तो चार स्तंभांचा तक्ता जोडा.